नारंगी इशारा आणि हळदीचा मंडप

आष्टीच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन तृप्ती घरी आली, तर थोरल्या बहिणीच्या हळदीचा मंडप अर्धा उघडा! वर बांबूवर एक अनोळखी तरुण बसला होता, आणि सकाळीच ताणून बांधलेलं कापड सोडत होता.

“अहो मंडपवाले, हे काय करून राह्यले?”

“उतरवून राह्यलो.” त्यानं खाली वाकून पाहिलं… नजर जरा जास्तच रेंगाळली. “सकाळी फोनवर वादळाचा पिवळा इशारा होता, गप बसलो. आता नारंगी आलाय. कापडात वारं शिरलं की बांबू बायांच्या डोक्यात येतेत.”

“अन् वादळ आलंच न्हाई तर?”

“तर तुमच्या शिव्या खाईन… पोटभर.”

पूर्वी पावसापाण्याची चाहूल म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना लागायची. आता ती फोनवर येते, पण तिच्यावर विश्वास ठेवायला छाती लागते ती लागतेच.

आवाज ऐकून तृप्तीचे वडील, तातेराव, संतापून बाहेर आले. “हळदीआधी मंडप उतरवतोस? अपशकुन करतोस माझ्या दारात?”

“काका, मुहूर्तमेढीला बोटसुद्धा लावलं न्हाई. मेढ उभी हाय, तवर मंडप उभाच.”

तातेराव आणखी भडकणार, एवढ्यात तृप्ती बोलून गेली, “बाबा, मीच सांगितलं त्यांना.”

बांबूवरचे हात थबकले.

हळद शेजारच्या ओसरीत दाटीवाटीनं लागली. आभाळ काळवंडलं, धूळ उठली… आणि वादळ मंठ्याच्या अंगानं निघून गेलं. अंगणात चार थेंब पडले, तेवढेच.

“तातेराव, तुमच्या लेकीनं ढगच पळवला की!” पाहुणे हसले. तातेराव मान खाली घालून आत गेले.

संध्याकाळी मंडपवाला पुन्हा कापड बांधायला लागला. तृप्तीनं दोरीचं टोक धरलं.

“माझ्यापायी तुम्हाला बोलणी बसली,” तो म्हणाला. “मी कल्याण. नाव ध्यानात ठेवा, शिव्या द्यायला.”

“कशाला देऊ? समद्या बाया धडधाकट घरी गेल्या. टळलेल्या संकटाला कुणी नावं ठेवत न्हाई… तुम्हीच वाईट झालात.” ती थांबली. “एक सांगू? माझ्या लग्नाचा मंडप तुम्ही बिलकुल घालायचा न्हाई.”

त्याचा चेहरा उतरला. “भरवसा उडाला म्हणा की.”

“न्हाई हो…” तिनं दोरी हातात घट्ट धरली, “नवरदेव कधी बांबूवर चढतो का?”