आईचे गाल

पाएते गावात मूर्तीवर कोरणाऱ्याचं नाव नसतं.

१९७४. मनिलातल्या शिल्पस्पर्धेसाठी दुलोचा अर्ज. शीर्षक: धुणं. लाकूड: बातिकुलिंग. उंची: साडेतीन फूट. पृष्ठभाग: पटाशीच्या खुणांसह, न घासलेला.

जिन्याच्या कठड्यावर सहा हात वाळत ठेवले होते. तीन संतांचे. डोकी आतल्या खोलीत होती.

इस्-इसच्या झाडाचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. लाकूड घासायला पॉलिश पेपर घ्यायची इथे कुणाला सवय नाही.

चौदा वर्षांत दुलोची आलेली पत्रं: एकतीस. त्यांत त्याच्या ताईचं, आरिंगचं नाव एकदाही नाही.

"कुणी केलं हे?"

दुलोचा आवाज चढलासुद्धा नव्हता... चढला असता तर आरिंगला बरं वाटलं असतं. मूर्ती न्यायला तो मनिलाहून टेम्पो घेऊन आला होता, आणि खिडकीपाशी जी उभी होती ती त्याची मूर्ती नव्हतीच. तळ्याकाठी धुण्यावर वाकलेली आई त्याने पटाशीच्या उघड्या घावांनी घडवली होती, पाण्यासारखी हलती, थकलेली, जिवंत. आणि आता तिचं अंग अन् अंग चर्चमधल्या कुमारी मातेसारखं गुळगुळीत, शांत, मेलेलं होतं. मागच्या पडवीत तातांग, दोघांचे वडील, जेवून पहुडले होते. झोपले नव्हते. लेकाच्या कौतुकाची वाट बघत होते.

आरिंग लुसेनाच्या चर्चला एका संताची मूर्ती पोचवून त्याच सकाळी परतली होती. मोतीबिंदूने दुधाळलेले डोळे मिचकावत वडिलांनी तिला हसून सांगितलं होतं, "पोराला वेळच पुरला नाही बघ. अर्धवट टाकून गेला होता. चार दिवसांत उरकलं मी." मग जरा थांबून, "आणि तुझ्या आईचे गाल असे खडबडीत नव्हते गं."

"मी केलं," आरिंग म्हणाली.

"तू?"

"मला वाटलं, राहिलंय."

दुलो म्हणाला, "ताई, संतांचे हात कोरून कोरून तुझे डोळेसुद्धा गुळगुळीत झालेत." एवढंच बोलून तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. मनिलाच्या कलाशाळेत दोघांनाही जागा मिळाली होती, आणि घरच्या मूर्तींच्या कारखान्यात एकाने थांबायला हवं म्हणून जी थांबली तिला तो हे बोलून गेला... तिने ते शब्द जपून ठेवले, कारण ते तिचे नव्हते. ते पडवीतल्या माणसापर्यंत पोचू द्यायचे नव्हते.

मूर्ती तिने माळ्यावर गोणपाटाखाली लपवली. तातांगना सांगितलं, दुलो घेऊन गेला.

"आवडली का त्याला?"

"रडला तो."

त्यानंतर पत्रं येत, तातांगच्या नावाने. ती वाचून दाखवी, आणि शेवटी, कागदावर नसलेली एक ओळ आवाज न बदलता जोडून देई: ताईची फार आठवण येते. तातांग म्हणत, "बघ, मोठा झाला तरी ताईला विसरला नाही." उत्तर ते सांगत, ती लिही. 'मूर्ती लोकांना आवडली का', हे वाक्य ते दर वेळी सांगत. ती दर वेळी गाळे. अशा दुपारी तळ्यावरचा वारा लाकडाचा भुसा उडवत खोलीभर फिरे आणि तिला आठ वर्षांचा दुलो दिसे, तिच्या मांडीवर बसून मोगरी हाणणारा, "ताई, माझा संत तिरळा झाला," म्हणून खिदळणारा...

तातांग गेले. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला दुलो आला. आता त्याच्या खडबडीत लाकडी बायका मनिलाच्या मोठ्या दालनांत उभ्या होत्या. कानशिलं पिकली होती. कॉफीचा घोट घेऊन तो म्हणाला, "अजून तांदूळ करपवूनच कॉफी करतेस."

"मनिलात चांगली मिळते तर तिथे प्यायची."

तो हसला नाही. "ती आहे का अजून?"

माळ्यावर त्याने गोणपाट काढलं आणि मूर्तीवरून हात फिरवत गेला, मानेवरून, जबड्यावरून; डाव्या कानामागे त्याचं बोट अडलं. तिथे मसुराएवढा एक दाणा राखलेला होता, भोवतीचं सगळं घासून, मुद्दाम.

"हा का सोडलास?"

"राहिला असेल."

"तुझ्या हातून कधी काही राहिलंय?" त्याने वळून पाहिलं. "आईच्या या कानामागे काय होतं, सांग."

आरिंगला सांगता येईना. आई पदर घेतल्यासारखे केस कानावर ओढून बांधी.

"तीळ होता," दुलो म्हणाला. "मी तिच्या पाठुंगळीला असायचो म्हणून मला ठाऊक. कोरताना मीच विसरलो होतो. आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार, ताई?"

खाली बायकांनी जपमाळ सुरू केली होती.

"तुझ्या खोट्यापायी चौदा वर्षं मी तातांगचं तोंड पाहिलं नाही."

"खरं सांगितलं असतं तर आला असतास?"

"नाही," तो म्हणाला. मग खाली बसला, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाने बहिणीच्या भुशाने माखलेल्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. "एवढं एकटीने कसं गं..." तिने त्याच्या पिकल्या केसांत बोटं घातली, आणि इतक्या वर्षांचं न रडलेलं रडू तिला आलं, आवाज न करता, खाली प्रार्थना चालू होती म्हणून.

दोघांनी मिळून मूर्ती खाली आणली, तातांगच्या फोटोशेजारी ठेवली. शेजारची म्हातारी तिच्यापुढे मेणबत्ती लावायला वाकली.

"ही कुठली संत रे?"

"आमची आई," दुलो म्हणाला. "तातांगनी घासलीय."

१९३२ साली, लग्नाच्या आदल्या वर्षी, तातांगनी एक संत रोक न घासता, पटाशीच्या सगळ्या खुणांसकट पाठवला होता. पलीकडच्या गावाने तो अर्धवट आहे म्हणून परत केला.