कुंभारणीचं घर

चेन्नईत राहायला आल्यावर तनयाची पहिली ओळख झाली ती माणसांशी नाही, किड्यामुंग्यांशी. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा अशी ओली की बरणीतलं मीठ पाझरावं. साखरेला मुंग्या, रव्यात जाळी, तांदळात सोंडकिडे, मोरीच्या जाळीतून झुरळं, दाराच्या चौकटीला वाळवी. पण तनया साताऱ्याची, आणि मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग तपासणारी. बिघाडाला कारण असतं आणि कारणाला उपाय, असं मानणारी. तिनं डब्यांत कडुनिंबाचा पाला घातला, फटींना बोरिक पावडर लावली, चौकटीत औषध भरून घेतलं. एकेक करून सगळे मागे हटले.

कुंभारीण माशीला मात्र हात लावायची मनाई होती.

मनाई खालच्या मजल्यावरच्या अलमेलूमामींची. मैलापूरच्या तळ्यामागची ती गल्ली, खाली घरमालकीण मामी एकट्या, वर भाड्यानं तनया, तिचा नवरा देवेश आणि त्यांची वाणी. मामी तंजावरकडच्या मराठी. कितीक पिढ्यांमागे त्यांचे वाडवडील तिकडे गेले आणि भाषा जशी नेली तशीच जपून राहिले. त्यांचं बोलणं ऐकलं की जुन्या पोथीला तमिळ चाल लावल्यासारखं वाटे.

"कुळवीचें घर मोडूं नये, तनया," मामी म्हणाल्या. कुंभारणीला त्या तमिळ नावानंच हाक मारत. "कुळवी घरांत आली म्हणजे लेकरू येतें. इथें सगळे असेंच म्हणतात."

"आहे तेवढं एक पुष्कळ झालं, मामी. आणि तिनं मिक्सरच्या प्लगमध्ये घर केलंय. चटणी कशात वाटू?"

"पाट्यावर वाट. दंड बळकट होतील."

तनया हसली. पण एकटी झाली की हसू मावळे, कारण तिच्या घरात आधीच एक उपाय नसलेली गोष्ट होती. मुलीचं नाव वाणी, आणि तोंडात शब्द नव्हता. तीन वर्षं सरून गेली तरी 'आई' नाही, 'पाणी' नाही. कान उत्तम, डॉक्टर म्हणाले. टी. नगरच्या भाषातज्ज्ञ बाई म्हणाल्या, घरात मराठी, बाहेर तमिळ, फोनवर इंग्रजी, पोर गोंधळलंय, तुम्ही बोलत राहा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, नाव बदला. तनया बोलत राहिली. भांड्यांशी बोलावं तसं बोलत राहिली.

वाणी एकच आवाज करी. खूश झाली की आईच्या गळ्याशी नाक खुपसायची आणि म्हणायची, "अंहूं." बस. तेवढंच.

आतल्या खोलीच्या भिंतीवर कुंभारणीनं सगळ्यात जास्त घरं बांधली होती. खालच्या तुळशीच्या कुंडीतून ती ओल्या तांबड्या मातीची गोळी आणायची, भिंतीला लावायची आणि लिंपता लिंपता गुणगुणायची. काम झालं की घराचं तोंड बंद. वर बोट फिरवलं तर माठासारखं गुळगुळीत. वाणी दुपारभर तिथे बसे, भिंतीला कान लावून.

"ही माझ्या अम्माची खोली," मामी एकदा म्हणाल्या. "वारा येतो म्हणून तिला वरतीं ठेवलें होतें. शेवटीं तिची जीभ गेली बघ. डोळे बोलायचे, तोंड नाहीं. तिच्या मनांत मज सांगायचें कांहीं होतें. राहिलें तें राहिलेंच. नुसती एक ओवी गुणगुणायची, शब्दांवांचून."

"कुठली ओवी?"

मामींनी भिंतीकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हटली:

*कुंभारीण बाई, घर लिंपिते मातीचं*
*परक्याचं बाळ, करी आपुल्या जातीचं*

तनयाच्या अंगावर शहारा आला, पण गोड. तिच्या आजोळी जात्यावर अशाच ओव्या असत. मामींनी अर्थही सांगितला. कुंभारीण कुठलीशी अळी उचलून आणते, मातीत कोंडते आणि तिच्यापाशी अखंड गुणगुणते. ऐकता ऐकता अळीचीच कुंभारीण होते.

रात्री जेवताना तनयानं हे सांगितलं तर देवेशनं फोनवर शोधून पाहिलं. "छान आहे गोष्ट, पण खोटी. अळीला डंख मारून लुळी करते, मरू देत नाही. जवळ आपलं अंडं ठेवते. पिल्लू निघतं ते अळीला जिवंतपणी खातं. अळीची कुंभारीण होत नाही, बाई. अळी जाते, कुंभारीण येते. बाहेरून बघताना सारखंच दिसतं."

"जेवताना सांगायलाच हवं होतं का?"

"तूच काढलंस," म्हणत त्यानं भात वाढून घेतला.

शनिवारी तनयानं स्क्रूड्रायव्हर घेऊन प्लगमधलं घर फोडलं. आतून हिरव्या अळ्या पडल्या. मऊ, लोळागोळा. तिनं काडीनं एकीला हलवलं, तर टोकाशी ती किंचित थरथरली. पुरे झाली मामींची मनाई, म्हणत ती आतल्या खोलीत गेली आणि पहिल्या घराला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं.

वाणी उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मोडूं नको," ती म्हणाली.

स्वच्छ, अख्खे दोन शब्द. तनयाच्या हातातलं हत्यार गळून पडलं. ती तिथेच फरशीवर बसली, पोरीला पोटाशी धरून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "नाही मोडणार राणी, नाही मोडणार."

शब्द दिला तो दिला. त्या दिवसापासून घरात कुंभारणीला मोकळं रान मिळालं. तिनं कुलपाचं भोक बुजवलं, कपड्यांच्या कपाटात, टेबलफॅनच्या जाळीत, देवेशच्या बुटात घरं केली. आणि वाणी बोलू लागली. पाऊस लागावा तशी बोलू लागली.

"मज दहींभात होणा."

"होणा म्हणजे?" देवेशनं विचारलं.

"हवा म्हणजे," खालून आलेल्या मामी दारातूनच म्हणाल्या. "आमच्यांत असेंच म्हणतात."

"मुलगी आपली, बोलते मात्र पेशव्यांच्या आधीचं," देवेश हसून लोटपोट झाला. भाषातज्ज्ञ बाईही खूश झाल्या. घरात कोणी वडीलधारं माणूस आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मामींच्याकडून उचलत असेल, तनया म्हणाली. मुलं उचलतात. कारण होतं, म्हणजे काळजी नव्हती.

मग एका संध्याकाळी मामी मुरुक्कूचा, तिकडच्या चकल्यांचा डबा घेऊन वर आल्या आणि वाणीनं त्यांना हाक मारली, "अलमू, ये."

डबा हातातच राहिला. मामी दाराला टेकल्या.

"तुमच्याच तोंडून ऐकलं असेल तिनं," तनया म्हणाली.

"माझ्या तोंडून? मीच मज अलमू म्हणूं? मज अलमू म्हणणारें कोणी उरलें नाहीं, कण्णा."

वाणी त्यांच्या मांडीवर नाही बसली. त्यांनाच जवळ ओढून, त्यांचं पिकलं डोकं आपल्या चिमुकल्या मांडीवर घेऊन थोपटत राहिली. "तूं माझें फार केलेंस, अलमू," ती म्हणाली. "मज सगळें समजत होतें. सांगतां येईना, एवढेंच."

मामी कितीतरी वेळ रडत होत्या. ते रडणं दुःखाचं नव्हतं. बाहेर पुलावरून लोकल गाडी गेली, खिडकीची काच थरथरली, आणि तनया स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. तिलाही भरून आलं. मामींचं अडलेलं सुटलं, आपलं न बोलणारं बोललं. कोणाचं काय बिघडलं? असं मनाशी म्हणत असतानाच तिला जाणवलं की वाणीनं अजून 'आई' म्हटलेलं नाही.

आणि 'अंहूं'? ते कधी ऐकलं होतं शेवटचं?

तिनं आठवून पाहिलं. ज्या शनिवारी शब्द फुटला, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

मग ती वाणीकडे पाहू लागली, कारखान्यात सुटा भाग दिव्यापुढे धरून पाहावा तशी. वाणी आता धावत नसे. बसताना गुडघ्यावर हात ठेवून बसे, उठताना 'मुरुगा' म्हणून देवाचं नाव घेई. तांदळाचं ताट पुढ्यात घेई आणि उरलेसुरले सोंडकिडे निवडून बाजूला काढी, न मारता, करंगळीनं. ती सवय कोणी शिकवली नव्हती. गळ्याशी नाक खुपसायला मात्र ती येत नसे. तनयानं ओढून घेतलं तर राही, पाहुण्याच्या घरी मूल राहतं तशी, अंग चोरून.

"वाणी, मी कोण?" तनयानं एकदा विचारलं.

पोर ओशाळल्यासारखं हसली आणि तांदूळ निवडू लागली.

"मामी, मला माझी परत हवीय," तनया जिन्यात म्हणाली.

मामींनी तिच्या हातावर हात ठेवला. "थोडे दिवस, कण्णा," त्या म्हणाल्या. "मज आणखी थोडे दिवस दे." आणि मान खाली घालून उतरून गेल्या.

रविवारची दुपार. देवेश भाजी आणायला गेलेला, मामी देवळात. आतल्या खोलीत ऊन भिंतीवर चढलं होतं. तनयानं पाहिलं, सगळ्या मातीच्या घरांना गोल भोकं पडली होती. आतलं उडून गेलं होतं.

फक्त एक घर बंद होतं. खाली, जमिनीलगत. नवं. माती अजून ओली, काळपट तांबडी.

वाणी भिंतीशी ताट घेऊन बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बाई, तुमचें लेकरू कोठें गेलें? पूर्वीं इथेंच खेळायचें."

तनया खाली बसली.

"गोड होतें," वाणी म्हणाली. "बोलत नसे बिचारें."

तनया गुडघ्यांवर सरकत भिंतीपाशी गेली. ओल्या मातीला तिनं कान लावला. माती कोमट होती.

आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, नाक कुठेतरी खुपसून म्हणावं तसं:

"अंहूं."

स्क्रूड्रायव्हर खिडकीत होता. हात पुरत होता. तिनं हात लांबवला.

"मोडूं नको, बाई." वाणीच्या आवाजात धाक नव्हता, माया होती. "अजून कच्चें आहे."

तांदळावर तिची बोटं सावकाश फिरत होती. नखांत ओली तांबडी माती भरलेली होती.

तनयानं हात मागे घेतला. मामींच्या ओवीची चाल तिच्या घशाशी आली होती, ती तिनं गिळली आणि आजोळच्या जात्यावरची आपली ओवी आठवली. मग ओठ भिंतीला लावून ती शब्दांवाचून, अखंड गुणगुणू लागली.

मातीच्या आत काहीतरी हललं, आणि ऐकायला जवळ सरकलं.