कोपऱ्यातला भाता

देऊळघाटच्या स्नेहलताबाईंना शब्दांचं भारी वेड. इंग्रजी शिकवायच्या, निवृत्त झाल्या, पण खोड काही गेली नाही. चहाला बोलावलं तरी आधी कपाचं मूळ काढणार! भुताखेतांचा विषय निघाला की मात्र कपाळाला आठी.

त्यांची लाडकी विद्यार्थिनी मलिहा गावातल्याच अकरम लोहाराला दिलेली. बीटी कपाशी आली, मागोमाग तणनाशकं आली, आणि खुरपी पाजवायला येणारं गिऱ्हाईक आटलं. अकरमचा भाता ओसरीच्या कोपऱ्यात वाळून पडला होता.

त्या दुपारी मलिहाने बाईंना बोलावणं धाडलं. आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं, आठवा महिना.

"मॅडम, सकाळपासून हालूनच नाही राह्यलं हो."

"बुलढाण्याची जीप येऊन राह्यली," अकरम दारातून म्हणाला. मघापासून तो तेच म्हणत होता.

बाई तिच्याजवळ टेकल्या. पोरीला धीर द्यायचा, म्हणून तिच्या पोटावर हात ठेवून त्यांनी आपलं नेहमीचंच सुरू केलं.

"पोटाला इंग्रजीत बेली म्हणतात, अन् भात्याला बेलोज. सारखे का वाटतात, ठाऊक आहे? बेलो असाही एक शब्द आहे, म्हणजे हंबरणं, पण तो परक्या घरचा. बेली अन् बेलोज मात्र सख्ख्या बहिणी. हजार वर्षांपूर्वी दोघींना मिळून एकच शब्द होता. अर्थ काय, तर कातडी पिशवी."

"दोन्ही फुगतात म्हणून?" मलिहा कशीबशी हसली.

"हाव गं, म्हणूनच." आणि तो जुना शब्द बाईंनी मोठ्याने उच्चारला.

कोपऱ्यात काहीतरी करकरलं.

भात्याचं वाळकं कातडं हळूहळू वर येत होतं. जवळ कुणी नव्हतं. वारा नव्हता. त्यावरची धूळ ओघळली.

बाईंच्या तळहाताखाली पोट हाललं.

"या अल्ला," अकरम पुटपुटला.

भाता खाली बसला. पुन्हा भरला. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. एवढं मोठं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मलिहाचा वकार सुखरूप जन्मला. जुनं कातडं, उन्हाचा ताव, असं बाई स्वतःला समजावत राहिल्या. मग एकदा त्यांच्यादेखतच भंगारवाल्याने विकत घेतलेला भाता दाबून दोरीने आवळला, आणि झोळीतलं पोर निळं पडलं. बाईंनी धावत जाऊन विळ्याने दोर कापला. तेव्हा कुठे ते रडलं.

आता अकरम कातड्याला तेल लावतो. बाई वकारला शब्द शिकवतात, तो एक सोडून.

यंदा वकार शाळेत जायला लागला. त्याच आठवड्यात अकरमने भाता आतल्या मोठ्या खोलीत हलवला. कोपऱ्यात तो मावेनासा झाला होता.