कप्तान क्राऊसचं जहाज

लेम्युएल क्राऊस जहाज शोधत होता, आणि तेही समुद्रापासून शंभर मैलांवर, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात! मोत्यांनी भरलेलं एक स्पॅनिश गलबत फार पूर्वी पुराच्या पाण्याबरोबर इथवर आलं, पाणी ओसरलं आणि ते वाळूत रुतून बसलं, ही दंतकथा त्या मुलखात जो तो सांगायचा. खरी मानायचा तो एकटा लेम्युएल. डोक्यावर खलाशाची विटकी टोपी घालून एकतीस वर्षं त्याने वाळवंट पालथं घातलं होतं. लोक त्याला ‘कप्तान’ म्हणायचे आणि त्याच्या तोंडावर हसायचे.

खेचरांवरून खाणींना सामान पोचवणारी ओडेसा प्रुइट हीसुद्धा त्या हसणाऱ्यांतलीच. पण १९१४ च्या ऑक्टोबरात तीन दिवस वादळ घोंगावलं आणि त्यानंतर लेम्युएल तिच्या दारात आला तो अँब्रोसिओला घेऊन. अँब्रोसिओ तिथल्याच काविया या आदिवासी जमातीचा. दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ! पूर्वेच्या टेकाडांमागे वाळूतून लाकडं वर आलीत, असं त्याने शांतपणे सांगितलं. ओडेसाने त्याला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. दोन खेचरं, पाण्याची दोन पिंपं आणि फावडी घेऊन तिघं पहाटेच निघाली.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी एका घळीच्या काठावर मागच्या खेचराचा पाय घसरला. खेचर सावरलं, पण पिंप दगडावर आपटून फुटलं! ओडेसा धावेपर्यंत वाळूने पाणी पिऊनही टाकलं होतं. आता मागे फिरावं, असं ती म्हणाली. आणखी दोन तासांचीच वाट आहे, असं लेम्युएल म्हणाला. तिने अँब्रोसिओकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

आणि खरंच, टेकाड ओलांडताच ते दिसलं!

वाळूच्या उंच उतारातून जहाजाच्या सांगाड्याच्या सात काळ्या, वाकड्या फासळ्या आभाळाकडे उठल्या होत्या. ओडेसाने एका फासळीवर हात ठेवला. लाकूड उन्हाने तापलं होतं आणि त्यात माणसाने ठोकलेला, गंजलेला खिळा होता. लेम्युएल मात्र गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

मग तो खणत सुटला. दुपार कलली, पाणी अर्ध्यावर आलं, तरी तो थांबेना. वारा पुन्हा उठू लागला होता.

“बस झालं,” ओडेसा म्हणाली. “आता निघालो नाही तर परत पोचणार नाही आपण.”

“तुम्ही दोघं जा. मी माझ्या जहाजावर थांबतो.”

“मेलात तर मोती काय चावून खाणार आहात?”

तो उत्तर देणार, इतक्यात वरचा उतार ढासळला! सळसळ झाली. क्षणात लेम्युएल छातीपर्यंत गाडला गेला. त्याचा चेहरा निळा पडू लागला. ओडेसाने दोर फेकला. अँब्रोसिओने तो त्याच्या काखांखालून ओवला. पण उतारावर खेचरांचे पाय ठरेनात. मध्ये कशाचा तरी आधार हवा होता, आणि आधार एकच होता. ओडेसाने दोराला सगळ्यात जाड फासळीचा वळसा दिला.

“मोडेल ती,” लेम्युएल कसाबसा म्हणाला.

“मोडू दे,” ती म्हणाली आणि तिने खेचरांना खालच्या सपाटीकडे हाकललं.

दोर ताणला. फासळी करकरली. लेम्युएल इंच इंच वर आला, मग एकदम सुटला! त्याच क्षणी फासळी कडाडून मोडली आणि सारा उतार खाली कोसळला. धूळ बसली तेव्हा तिथे नुसती वाळू होती. जहाज नाही, फावडी नाहीत, लेम्युएलची टोपीही नाही. दुसरं पिंपही वाळूखाली गेलं होतं!

रात्रभर तिघं चालली. उजाडताना लेम्युएलची जीभ सुजली होती आणि ओडेसाला पुढचं खेचर दोन-दोन दिसत होतं. पण अँब्रोसिओ त्यांना आल्या वाटेने नेत नव्हता. एका कोरड्या ओढ्यातल्या झुडपांपाशी तो थांबला. त्याच्या आजोबांनी तिथे पायऱ्यांची विहीर खणली होती, ती आता वाळूने बुजली होती. त्याने ती आजवर कुणाही गोऱ्याला दाखवली नव्हती.

तिघं हातांनीच खणू लागली. सगळ्यात पुढे लेम्युएल! नखं फुटली, तरी तो थांबला नाही. एक पायरी लागली, दुसरी, चौथी. सातव्या पायरीखाली वाळू ओली लागली, आणि थोड्या वेळाने ओंजळभर गढूळ पाणी वर आलं. लेम्युएलने पहिली ओंजळ ओडेसापुढे धरली.

चौथ्या दिवशी तिघं गावात पोचली. दुकानाच्या ओट्यावर नेहमीची मंडळी बसलीच होती.

“काय कप्तान, सापडलं का जहाज?”

ओडेसाला राहवेना. एकतीस वर्षांचं हसणं एका वाक्यात परत करता आलं असतं! तिने तोंड उघडलं, तोच लेम्युएलची नजर अँब्रोसिओकडे वळलेली तिला दिसली. गाव उद्याच फावडी घेऊन निघेल, तहानेने वेडं होईल आणि त्या पायऱ्या तुडवेल, हे तिलाही कळलं.

“कसलं जहाज अन् कसलं काय,” लेम्युएल म्हणाला. “म्हातारा झालो. उगाच फिरतो.”

ओटा खदखदून हसला. ओडेसाने घट्ट ओठ मिटले. अँब्रोसिओ दोन पावलं पुढे आला आणि सगळ्यांदेखत आपली टोपी काढून त्याने लेम्युएलच्या उघड्या डोक्यावर ठेवली.