फलजचं पाणी कोणी पळवलं?

"मोबाइल टोपलीत टाका! आज दिवसभर जुन्या पद्धतीने राहायचं!" आईने फर्मान सोडलं आणि बाबांचाही फोन काढून घेतला.

सुट्टी लागली म्हणून माधवी, तिचा धाकटा भाऊ लोकेश आणि शेजारचा, मोडकं मराठी शिकलेला रायन आखातातल्या इब्रा शहराजवळच्या खजुरीच्या गावात आले होते. इथल्या बागांना अजूनही फलजचं, म्हणजे डोंगरातून आणलेल्या दगडी पाटाचं पाणी मिळायचं. कोणाची पाळी किती वेळ, ते जमिनीत रोवलेल्या खांबाची सावली ठरवायची!

बाबा पाइपलाइनचे इंजिनिअर. वर पाटाकाठी चहा पिताना त्यांनी यावर पाऊण तास व्याख्यान झोडलं होतं.

सगळे खाली ओळखीच्या हमूदचाचांच्या बागेत पोचले, तेव्हा चाचांची पाळी नुकतीच सुरू झाली होती. बघता बघता पाटातलं पाणी बारीक झालं आणि थांबलंच!

"पानी खलास?" म्हातारे हमूदचाचा मोडक्या हिंदीत ओरडले. पुढची पाळी थेट आठवड्याने, आणि नवी रोपं तर आधीच माना टाकून बसलेली! ते तरातरा शेजाऱ्याच्या कुंपणाशी गेले. "चोर! तूने पानी मोड़ा!"

शेजारी भडकला. दोघांची जुंपली.

"भूगर्भात पाट ढासळला असणार," बाबा चष्मा सावरत म्हणाले. "महिन्याभराचं काम!"

माधवीला मात्र काही पटेना. वरच्या पायवाटेवरून दोन शेळ्या येत होत्या, आणि त्यांचे पाय चिखलाने बरबटलेले!

"रायन, पाणी आटलं असेल तर वर चिखल कुठून आला?"

"यल्ला, चल! पाणी तिकडे अडकला आहे!"

"अडकलं!" लोकेशने दुरुस्ती केली. पण तोवर दोघं धावत सुटली होती, मग तोही मागोमाग पळाला.

वर पाट तुडुंब भरून वाटेवर सांडत होता. एका लहान पुलाखाली काहीतरी हिरवं, गोल बूच बसावं तसं रुतलं होतं. कलिंगड! त्याला गुंडाळलेला चौकड्यांचा टॉवेल बघून माधवीने कपाळावर हात मारला.

"बाबांचा!"

रायनने पाटात उतरून दणकून लाथ हाणली. फट्! कलिंगड पलीकडून सुटलं, पाण्याचा लोंढा उसळला आणि लोकेश धपकन पाटात बसला!

तिघं धापा टाकत बागेत आली, तोवर कलिंगड डुलत डुलत भांडणाऱ्यांसमोर येऊन पोचलं होतं.

"अरे, माझं कलिंगड! चहाच्या वेळी वर पाटात गार करायला ठेवलं होतं..." बाबांनी जीभ चावली.

मग आई जी हसत सुटली, की थांबेचना!

माधवीला हसू आलं नाही. खांबाची सावली ठरलेल्या खुणेच्या दगडापार गेली होती. "बाबा, चाचांची वेळ संपली. आणि ते काका उगाच चोर ठरले."

बाबांचा चेहरा उतरला. दोघांसमोर हात जोडून त्यांनी माफी मागितली. हमूदचाचांनीही मान खाली घालून शेजाऱ्याचा खांदा धरला.

शेजारी गुरगुरला, "अब मेरी बारी है." मग रोपांकडे बघून हात झटकत म्हणाला, "पहले तू ले ले!"

हमूदचाचांनी बाबांकडे बोट दाखवलं. "ये इंजिनिअर नहीं," आणि माधवीच्या डोक्यावर हात ठेवला. "इंजिनिअर ये!"

त्यांनी तिला वाफ्याच्या तोंडाशी नेलं. तिथला पाणी अडवणारा दगड गावातली जाणती माणसंच हलवत. "उठाओ, बेटी!"

माधवीने दोन्ही हातांनी दगड उचलला. पाणी खळखळत पहिल्या रोपापाशी गेलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या...