मूळवाणी

दुपारचं जेवण उरकलं, ओटा पुसून झाला, की उज्ज्वला कारखानीस भिंतीला सांगत, "लाव गं बाई." भिंतीला 'गं बाई' म्हणायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण काही म्हणावं असं त्या घरात दुसरं होतं कोण? दूध ड्रोनवर बसून खिडकीशी उडत येई, भाजी तशीच येई, आणि 'आज गोळी घेतली का' हेसुद्धा भिंतच विचारी. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर एखादा आठवडा असाही जाई, की बाईंच्या तोंडून जित्याजागत्या माणसाशी एक शब्द निघत नसे. ऐंशीला टेकलेल्या एकट्या बाईकडे कोण कशाला येतंय बोलायला!

म्हणून दुपारचा सिनेमा, आणि तोही ठरलेला. 'सात गावची सून'. एके काळी या सिनेमाला बायका पोराबाळांसकट जात आणि पदर ओले करून परत येत. जाणकारही त्याला नावाजत. विहिरीपाशी उभी राहून सून सासरच्यांना बोलते, तो प्रसंग तर म्हणे अभिनय शिकवताना मुलांना दाखवतात. उज्ज्वलाबाई मात्र रडायला बसत नसत, ऐकायला बसत. कारण हिरव्या लुगड्यातली नायिका रूपश्री पडद्यावर तोंड उघडी आणि आवाज निघे तो उज्ज्वला कारखानीसचा. रूपश्री कुठून तरी दक्षिणेतून आणलेली, तिला मराठीचा गंध नव्हता. तिला आवाज दिला बाविशीतल्या उज्ज्वलानं. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तिचं नाव नव्हतं, तिला कुणी ओळखत नव्हतं. लग्न राहून गेलं, आई गेली, भाऊ गेला. पण तो आवाज तेवढा तसाच राहिला होता. रोज दुपारी तो घरात येई आणि दोन-अडीच तास थांबे.

त्या दिवशी रूपश्रीनं पदर सावरला, तोंड उघडलं, आणि कुणीतरी परकीच बोलली. संवाद तेच. आवाज वेगळा, किंचित घोगरा, नाकातून येणारा.

"अगंबाई! हे काय? ही कोण?"

"ही नवी आवृत्ती आहे," भिंत गोड आवाजात म्हणाली. "मूळवाणी. आता पाहा तुमचे आवडते कलाकार त्यांच्या खऱ्या आवाजात!"

"खऱ्या आवाजात? मग माझा काय खोटा होता का? जुना लाव."

"जुनी आवृत्ती उपलब्ध नाही."

बाईंनी तीन-चारदा सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथंच ओट्याला टेकून रडल्या. घरात होतं ते एकुलतं एक माणूस कुणी उठवून नेलं, असं झालं त्यांना.

पण रडत बसणारी बाई नव्हे ती. मूळवाणीचं काम पुण्याच्या एका संस्थेत चाले. तिथं त्यांनी फोन लावला. यंत्रानं उचलला. परत लावला, परत यंत्र. तिसऱ्या दिवशी मात्र बाईंनी ठेवणीतला आवाज काढला, खाष्ट सासूचा. "माणूस दे फोनवर, नाहीतर तिथं येऊन ठिय्या देईन!" यंत्रही वरमलं असावं. फोनवर माणूस आला. निहार पाटणकर नाव त्याचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, 'बघतो' म्हणाला. बघतो म्हणणारे काय बघतात ते बाईंना ठाऊक होतं. पण पंधरवड्यानं हा गडी स्वतःच दारात उभा, पाठीला पिशवी.

"आजी, मी निहार."

"आजी नको. उज्ज्वलाताई म्हण. चहा टाकते."

चहा घेता घेता त्यानं समजावलं. मूळवाणी ओठ वाचते. नुसते ओठ नव्हे. गाल, जबडा, गळ्याची हालचाल, श्वास कुठं घेतला, सगळं. त्यावरून माणूस तेव्हा काय बोललं ते कळतं. जबड्याच्या आणि नाकाच्या ठेवणीवरून आवाज कसा असेल तेही ताडता येतं. "तुमच्या सिनेमात आम्ही रूपश्रींचा आवाज असा घडवला आणि छापील संवाद त्या आवाजात बोलवले. सगळं यंत्रानंच परस्पर केलं. ओठ खरोखर काय बोलतायत ते कुणी ऐकलंच नव्हतं. तुमची तक्रार आली म्हणून मी ऐकलं."

"आणि?"

"ती आकडे म्हणतेय, ताई. सगळ्या सिनेमाभर. नवऱ्याशी लाडात बोलते तेव्हा सुद्धा. एक, दोन, तीन, चार."

उज्ज्वलाबाई खो खो हसल्या. कित्येक दिवसांत अशा हसल्या नव्हत्या. "अरे, मग काय करणार बिचारी! भाषा येत नाही त्या नट्यांना आकडेच शिकवायचे तेव्हा. लांब वाक्य असलं की विसापर्यंत, रागाचं असलं की तेच आकडे जोरात. मग आम्ही ते झाकायचे. सिनेमाचा तेवढाच तुकडा टोकाला टोक जोडून पडद्यावर फिरवत, लूप म्हणायचे त्याला. तेच ओठ पुन्हा पुन्हा उघडायचे, मिटायचे, आणि अंधारात माइकपुढे उभं राहून आम्ही त्यात शब्द बसवायचे. ओठाला ओठ लागला पाहिजे! तिच्या त्या ओठांना जितकं मी बघितलंय ना, तितकं तिच्या आईनं बघितलं नसेल."

निहार हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "विहिरीच्या प्रसंगात ती आकडे म्हणत नाहीये."

त्यानं पिशवीतलं यंत्र भिंतीला जोडलं. विहीर आली, काठावर रूपश्री आली. या जागी काय वाक्यं येतात ते अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होतं. 'सात गावं ओलांडून आले मी. आता या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही मला. हेच माझं घर. इथून निघेल ती माझी तिरडीच!' उज्ज्वलाबाईंच्या जिभेवर ती आपोआप आलीच. पण भिंतीतून आली ती वेगळी भाषा, भरभर, मधेच अडकत. खाली मराठी अक्षरं उमटत होती.

"तुळू आहे," निहार हळूच म्हणाला. "मंगळूरकडची. आमच्या तिकडच्या सहकारी बाईंकडून अर्थ तपासून घेतलाय."

'आज मी आकडे म्हणणार नाही. इथं माझी भाषा कुणालाच येत नाही, म्हणून मोठ्यानं बोलते. मामा खोलीला बाहेरून कडी लावतो. आईला पत्र लिहू देत नाही. मला घरी जायचंय.' रूपश्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्याच पाण्याला लोकांनी वाखाणलं होतं. 'ए, नंतर माझ्या तोंडात शब्द घालणारी बाई, तुझ्याशी बोलतेय मी. हे सगळे माझा चेहरा बघतात. माझं तोंड नीट बघणारी तू एकटीच. तुला बघावंच लागेल. तुझं नाव मला माहीत नाही. माझं नाव रूपश्री नाही. वारिजा. ऐकतेस ना?'

मग ओठ मिटले. मुलीनं मान खाली घातली.

"परत लाव," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यानं लावला. "परत." चहा गार झाला. कितव्या तरी वेळेनंतर त्या बोलल्या.

"मी वैतागले होते रे या लूपला. इतर वेळी आकड्यांवर ओठ कसे सरळ चालायचे. इथं कुठं थांबेल, कुठं पळेल, नेम नाही. काय बरळतेय ही सटवी, म्हणाले होते मी."

"तुम्हाला कसं कळणार, ताई?"

"कळणार नव्हतंच. पण माझ्याकडे बघून कुणी असं रडत असतं, तर मी ओठ कधी मिटतात तेवढंच बघत बसले असते का?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वर माझं वाक्य काय, तर हेच माझं घर! ती म्हणतेय घरी जायचंय, आणि मी तिच्याच तोंडून तिला तिथं कोंडलं. काय झालं पुढं तिचं?"

"माहीत नाही. आणखी एक सिनेमा केला, मग नाव कुठंच नाही. मामा केव्हाच वारला. ती असेल तर सत्त्याहत्तरच्या आसपास असेल."

"म्हणजे असेलही."

"असेलही." तो थोडा अवघडला. "ताई, तुमची तक्रार मान्य झालीय. सिनेमात तुमचा आवाज परत बसवतोय, पाट्यांमध्ये नावही येईल. प्रश्न या प्रसंगाचा आहे, तिथं तुमचं ठेवायचं की तिचं. आमच्यात वाद आहे. काही म्हणतात, हा सिनेमाचा प्राण, लोकांना तुमच्या आवाजात पाठ आहे, हात लावू नका. मला विचाराल तर..."

"तुला नाही विचारत."

"बरोबर. तिनं तुम्हाला सांगितलंय. म्हणून ठरवा तुम्हीच."

उज्ज्वलाबाई लगेच हो म्हणाल्या असतील असं वाटतं ना? नाही म्हणाल्या. उद्या ये, म्हणाल्या. माणसाचं मन काही देवाचं नसतं. बाकीच्या सिनेमात होतं काय त्यांचं? 'चहा घ्या भाऊजी' आणि 'इश्श, काहीतरीच'. आयुष्यभर सतराशे साठ जणींसाठी त्या बोलल्या, त्यात जीव ओतला तो त्या विहिरीपाशी. तेवढंच एक होतं, हे माझं म्हणावं असं. आता तेही काढून द्यायचं, जिचा पत्ता नाही अशा एकीसाठी?

निहार गेल्यावर त्यांनी दार लावलं. आतून कडी घातली आणि त्या कडीकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग भिंतीला सांगितलं, "माझा लाव." निहारनं जुनी प्रत ठेवली होतीच. त्यांचा तरणा, खणखणीत आवाज घरभर झाला. किती सुंदर बोलत होत्या त्या! एक श्वास चुकलेला नव्हता. आणि त्या आवाजाखाली ती पोर ओठ हलवत होती, हलवत होती, आणि काही ऐकू येत नव्हतं. बाईंना ते शेवटपर्यंत बघवेना. "बंद कर," त्या म्हणाल्या आणि पलंगावर जाऊन पडल्या. त्यांना एकच वाटत राहिलं. जन्मभर आपण म्हणत आलो, आपल्याशी म्हणून कुणी बोललंच नाही. आणि कुणीतरी बोललं होतं, एवढं जीव तोडून बोललं होतं!

सकाळी निहार आला तो दारातच त्यांनी सांगितलं, "माझा काढून टाक तिथला."

"आणि तिचं नुसतंच ठेवायचं?"

"नुसतंच कसं? 'ऐकतेस ना' विचारलंय तिनं. विचारलं की उत्तर द्यायची रीत आहे का नाही तुमच्या पुण्यात?"

निहार म्हणाला, जागा आहे खरी. ती मान खाली घालते, तिथं थोडा वेळ नुसतं संगीत आहे. ते हळू करता येईल. हा सिनेमा लाखो घरांत दुपारी लागतो, तुळू मुलखातही. "तुम्ही मराठीत सांगा. यंत्र तुमच्याच आवाजात तुळूत बोलेल. तुम्हाला काही करायला नको."

"खबरदार माझ्या तोंडात शब्द घालशील तर! मी शिकेन."

मंगळूरच्या त्या सहकारी, शर्मिळाबाई, रोज संध्याकाळी फोनवर तुळू शिकवू लागल्या. वाक्यं इनमीन तीन. पण ऐंशीव्या वर्षी जीभ वळेना. उच्चार चुकले की शर्मिळाबाई हसत, मग उज्ज्वलाबाई रागावत, मग दोघी हसत. एकदा तर अर्धा तास नुसत्या माशांच्या कालवणावर बोलल्या. वाक्यं पाठ झाली तरी शर्मिळाबाईंनी फोन थांबवला नाही, आणि उज्ज्वलाबाईंनीही 'आता नको' म्हटलं नाही.

मग निहार माइक घेऊन आला. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. भिंतीवर वारिजा बोलली, ऐकतेस ना म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली. निहारनं हात वर करून खूण केली. उज्ज्वलाबाई गप्प.

"ताई, तिथं बोलायचं होतं."

"तिचे ओठ कुठं हलले?"

खरंच की! उभ्या जन्मात माइकपुढे त्या कधी कुणाचे ओठ हलल्याशिवाय बोलल्याच नव्हत्या. समोर तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. पुन्हा लावलं, पुन्हा त्या अडल्या. तिसऱ्यांदा त्यांनी भिंतीकडे पाठ केली. मागे वारिजा बोलत होती, तिची भाषा आता थोडीथोडी कळत होती. मग शांतता झाली. बाईंनी डोळे मिटले.

आवाज पिकलेला होता, थरथरत होता, तुळू शब्द अडखळत निघत होते. ज्या घरात तो ऐकू जाईल त्या घरात वारिजा आहे की नाही, असली तर तिला ऐकू येतं की नाही, हे ना निहारला माहीत होतं ना त्यांना. तरी त्या बोलल्या.

"वारिजा, ऐकलं गं मी. फार उशिरा ऐकलं. घरी पोचलीस का?"