शपथ सुटली

"तुझ्या हातचं औषध? माझ्या लेकाला?" जानकीबाईंनी सुनेच्या, इंदूच्या हातातली गोळी हिसकावून घेतली आणि स्वतःच श्रीपादला दिली. इंदू मुकाट बाजूला झाली. अकरा वर्षं हेच! संस्थान विलीन झालं त्या साली, खोकल्याने घुसमटणाऱ्या तिच्या दोन वर्षांच्या लेकीच्या, दुर्गाच्या पोटात मालिशचं औषध गेलं, पोर गेली... आणि ते इंदूने पाजलं असं सगळ्या देवासने धरलं, कारण तिनेच तसं सांगितलं होतं.

पाजलं होतं श्रीपादने. "माझ्या गळ्याची शपथ, कुणापाशी बोलाल तर!" म्हणून तिनेच नवऱ्याच्या तोंडाला कुलूप घातलं. लेकाच्या हातून नात गेली हे कळलं तर सासूबाई प्राण सोडतील, असं तिला वाटलं... वेडी माया, दुसरं काय!

यंदा, एकोणसाठ साली, श्रीपादने अन्न टाकलं. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या, नाहीतर भिंतीकडे पाहणं. इंदूरच्या डॉक्टरांनी नव्यानेच निघालेल्या गोळ्या दिल्या, शिवाय दर बुधवारी समोर बसून मन मोकळं करायचं, ही अट. महिन्याभरात झोप आली, दोन पोळ्या जाऊ लागल्या. पण बुधवारी तो धोतराचा सोगा चुरगाळत गप्प बसे.

आज तिघंही डॉक्टरांसमोर होती.

"गोली ने नींद दी, भिया," डॉक्टर म्हणाले, "पर जो अंदर अटका है, वो बोलने से ही निकलेगा. दोनों चाहिए."

श्रीपादने बायकोकडे पाहिलं. ती केविलवाणी, परवानगी मागणारी नजर! इंदूला एकदम उमगलं. ज्या त्यागाचा देवापुढे बसून आपण मनोमन अभिमान बाळगला, तोच या माणसाला आतून खात होता... आणि आता बोलू द्यावं, तर सासूबाईंचं काय होईल?

"शपथ सुटली," ती कशीबशी म्हणाली. "बोला हो... बोला!"

"आई, ते मी पाजलं! झोपेत बाटली चुकली... हिने नाही, मी!" आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला.

जानकीबाईंनी प्राण सोडला नाही.  त्या उठल्या आणि इंदूचं डोकं त्यांनी छातीशी ओढून घेतलं.

"'कोणत्या तोंडाने रडतेस?' म्हणत त्या दिवशी तुला पोरीपासून उठवलं गं मी... रड, बाई. तुझी लेक होती ती!"

आणि अकरा वर्षांनी इंदू आपल्या दुर्गासाठी रडली.